मूल्यांकनकाराची सही
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वाटणी, तारण, कर्ज यांचे प्रसंग आपल्यातील बहुतेक कुटुंबांवर येतात; म्हणून आम्हां मूल्यांकनकारांच्या वतीने थोडे निवेदन करतो. हल्ली संगणकात पत्ता व क्षेत्रफळ घातले की क्षणार्धात घराची किंमत निघते. हे साधन आम्ही त्याज्य मानीत नाही. शेकडो व्यवहार एका वेळी चाळणे मनुष्यास कठीणच. परंतु त्या आकड्याखालील सही यंत्राची नसते, आमची असते.

पुण्याच्या पेठेतील एखादा वाडा घ्या. यंत्रास चौरस फूट व शेजारचे व्यवहार कळतात. पण मागील दोन खोल्यांत पागडीचा भाडेकरू आहे, त्यास १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे, तुळई वाळवीने पोखरली आहे, हे त्यास कोणी सांगावे? शिवाय दस्तातील रक्कम कित्येकदा शासकीय दरतक्त्याकडे पाहून घातलेली असते (हे सर्वांस ठाऊक आहे, बोलत कोणी नाही), आणि यंत्र तीच खरी मानून चालते.

३१ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकांनीही, मूल्यांकनकाराच्या विवेकावाचून निव्वळ यंत्राने काढलेला आकडा मानकानुरूप मूल्यांकन ठरत नाही, असे स्पष्ट केले आहे.

तेव्हा आमच्यापैकी कोणी अहवाल दिला, तर निःसंकोच विचारावे: जागा स्वतः पाहिली काय? तुलनेस कोणते व्यवहार घेतले? यंत्राचा आकडा का स्वीकारला, वा का बदलला? भावाभावांच्या वाटणीत तर याची लेखी उत्तरे मिळाल्यावाचून वाटणीपत्र पुढे सरकवू नये.