औषधाचे पैसे मिळतात, घराचं काय?

(शिरगाव, ता. पालघर येथील बचत गटांच्या महिलांनी सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

आम्ही शिरगावच्या बायका बोलतोय. आमच्यात कुणाच्या घरचे बोटीवर जातात, कुणाची वाडी आहे, कुणाचा नवरा किंवा मुलगा तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्टला आहे. आज आजारी लेकरांच्या घरांबद्दल बोलायचं आहे. आजाराबद्दल डॉक्टर बोलतील, ते त्यांचं काम. आम्ही घराबद्दल बोलणार.

गावात एखादं मूल मोठं आजारी पडलं की हल्ली पहिलं काय होतं? त्याचा फोटो मोबाईलवर फिरायला लागतो. खाली लिहिलेलं असतं, मदत करा, इतके लाख हवेत. तुम्हाला आठवत असेल, 2021 साली मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीला स्नायूंचा दुर्मिळ आजार होता आणि त्याच्या एका इंजेक्शनची किंमत 16 कोटी होती. हजारो लोकांनी पैसे पाठवले, सरकारने त्यावरचा कर माफ केला आणि इंजेक्शन मिळालं. चांगलंच झालं. पण त्या बातमीपासून लोकांच्या डोक्यात बसलं की आजारी मूल म्हणजे लाखांचा नाहीतर कोटींचा मामला, आपल्या वीस रुपयांनी काय होणार.

आमचा अनुभव वेगळा आहे. आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या ऑपरेशनला, औषधाला काही ना काही सोय निघते. घर मोडतं ते गाडीभाड्याने, खाड्याने आणि मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांमुळे.

आधी सोयी सांगतो, कारण त्या माहीत नसल्या तर वर्गणी भलत्याच ठिकाणी खर्च होते. शाळेत आणि अंगणवाडीत डॉक्टरांचं पथक येऊन मुलं तपासतं ना, त्याचं नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. देशभरच्या या कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमधूनच झाली. तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता, पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी असते. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वाकडा पाय, ऐकू न येणं असं काही सापडलं तर पुढच्या दवाखान्यात पाठवतात आणि उपचार फुकट होतात. म्हणून तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथक येणार म्हटलं की पोराला सुई टोचतील म्हणून लपवणाऱ्या आया आम्ही पाहिल्यात. त्या दिवशी तर पोराला आंघोळ घालून पाठवायचं.

दुसरी सोय महात्मा फुले जन आरोग्य योजनेची. कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, पण योजनेतल्या हॉस्पिटलात. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. पैसे भरायच्या आधी त्याला गाठायचं, भरल्यानंतर नाही. रेशनकार्ड आणि आधार घरी राहिलं म्हणून परत आलेली माणसं आहेत, तेव्हा ते आधी पिशवीत टाका. 155388 हा फोन फुकट लागतो. तिसरी सोय कारखान्यातल्या माणसांसाठी. नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का ते बघा. कंत्राटी कामगार असला आणि कपात होत असली तरी त्याच्या मुलांचे उपचार त्यात येतात. ही चिठ्ठी पुरुषांच्या पाकिटात राहते आणि बायकोला ठाऊकच नसतं. आणि धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे समाजसेवक बसतात त्या खिडकीवर जाऊन विचारायचं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवलेला बरा.

आता घराचं. आमच्या भागातल्या एका सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर निघाला. नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेल. परळला टाटा हॉस्पिटलला नेलं. जाता जाता सांगतो, आपल्या तारापूरचं अणुवीज केंद्र ज्या अणुऊर्जा खात्याखाली येतं, त्याच खात्याकडे 1962 पासून हे हॉस्पिटल आहे. आमच्यातल्या कितीजणींना हे नवीनच होतं. तर डॉक्टरांनी सांगितलं, मुलांचा हा कॅन्सर पूर्ण उपचार केले तर बहुतेक वेळा बरा होतो. पण उपचार दोन-अडीच वर्षांचा. पहिले काही महिने जोराचे, मग नुसत्या गोळ्या आणि तारखा.

दोन-अडीच वर्षं, मैत्रिणींनो. पालघरहून पहाटेची लोकल, दादरला उतरायचं, परळपर्यंत जायचं, रांग, रक्त तपासणी, रिपोर्टची वाट, संध्याकाळची गर्दीची गाडी, मग शिरगावची रिक्षा. मांडीवर ताप आलेलं पोर. आईचा रोज बुडतो. बाप सोबत गेला तर त्याचा खाडा, आणि चार खाडे झाले की कंत्राटदार दुसरा माणूस घेतो. धाकटा तीन वर्षांचा मुलगा शेजारी ठेवायचा, तो रात्री रडतो. तिसऱ्या महिन्यात ती आई आम्हाला म्हणाली, "आता पुरे. पोरगी खेळतेय, बरी दिसतेय. आता नाही जात मी."

इथेच मुलं जातात. औषध नव्हतं म्हणून नाही, तर मूल बरं दिसायला लागलं आणि घर थकलं म्हणून. टाटामधल्या डॉक्टरांनाही हे दिसलं होतं. त्यांनी मुलांच्या विभागात राहण्याची, जेवणाची, समजावून सांगणाऱ्या माणसांची सोय लावली, तारीख चुकवणाऱ्यांना फोन करायला माणसं ठेवली. मग अर्धवट सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. नवीन औषध न काढता मुलं वाचली, असं आम्ही म्हणतो.

आम्ही काय केलं? त्या आईला भाषण दिलं नाही. वहीत वार वाटून घेतले. सोमवार-गुरुवार धाकट्याला कुणी सांभाळायचं, डबा कुणी द्यायचा, सासूच्या गोळ्या कोण देणार. तिची मासळीची टोपली बाजारात आमच्यातली एक जण आपल्या टोपलीशेजारी लावायची आणि हिशेब संध्याकाळी हातात द्यायची. तारखेला एकजण सोबत गेली, दर वेळी वेगळी, म्हणजे एकीचाच रोज बुडत नाही. सोबत असली की एक रांगेत उभी राहते, एक पोरीजवळ बसते. एवढ्यानेच ती बाई पुढच्या तारखेला गेली. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, हॉस्पिटलचा कागद जवळ हवा, हेही सोबतीणींनी शोधून काढलं.

जोराच्या उपचारात रोज ये-जा जमत नाही, तेव्हा मुंबईत राहायला लागतं. तिथे परळमध्ये नाना पालकर स्मृती समिती आहे, 1968 पासून रुग्णांची सोय करते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. सेंट ज्यूड नावाची संस्था 2006 पासून फक्त कॅन्सरच्या मुलांना आई-बापांसह फुकट ठेवते, स्वयंपाकघरही देते. जागा मिळायला हॉस्पिटलच्या समाजसेवकांची चिठ्ठी लागते आणि वाट बघावी लागते. पहिल्या दिवशीच नाव नोंदवा. फूटपाथवर राहायची वेळ आल्यावर नोंदवण्यात अर्थ नाही.

रक्ताचंही सांगायला हवं. कॅन्सरच्या मुलांना प्लेटलेट लागतात आणि त्या पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, म्हणून माणसं पुन्हा पुन्हा हवी असतात. पहिल्यांदा आम्ही सात बायका मोठ्या उत्साहाने गेलो. पाचजणींना परत पाठवलं, हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. दुसऱ्याच्या लेकराला रक्त द्यायला गेलो आणि आपल्याच अंगात नाही हे कळलं. तेव्हापासून गटाच्या बैठकीत लोहाच्या गोळ्यांची चौकशी होते, आणि रक्ताला मात्र बोटीवरची आणि कारखान्यातली पोरं जातात. सुट्टीच्या दिवशी चार-चारच जातात. एकदम वीसजण गेले तर पुढच्या आठवड्याला कोण?

आता पैशाचं, कारण भांडण तिथेच होतं. आम्ही चार गट मिळून 43 जणी. प्रत्येकी महिना 20 रुपये, म्हणजे 860. वर्षाला 10,320. बचतीचे पैसे वेगळे, हे वेगळे, वही वेगळी. बचतीतून द्यायचं नाही, ते सभासदांचं आहे आणि त्याला कर्जाचे हप्ते बांधलेले आहेत. हे पैसे परत मागायचे नसतात. यातून औषध आणायचं नाही, फक्त गाडीभाडं, जेवण आणि बुडालेल्या रोजाला हातभार. रक्कम लहान आहे म्हणून हसू नका. शंभरावर वर्षांपूर्वी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, माणशी एक पैसा मागितला आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. मोठा देणगीदार एकदा देतो. अडीच वर्षांच्या आजाराला दर महिन्याला येणारा पैसा लागतो.

फोटोचं म्हणाल तर आम्ही मुलांचा फोटो फिरवत नाही. केस गेलेली पोरगी उद्या बरी होऊन शाळेत जाणार आहे, तिचं लग्नही ठरायचं आहे. मोबाईलवरचा फोटो काही पुसला जात नाही. गावात सांगायचं ते तोंडी सांगतो, "एका लेकराला गरज आहे," एवढंच. ज्याला जास्त द्यायचं असेल त्याने हॉस्पिटलच्या खात्यात पेशंटच्या केस नंबरवर भरावे आणि पावती घ्यावी. अनोळखी क्यूआर कोडवर आम्ही कुणालाच पैसे पाठवू देत नाही. जुनाच फोटो नवीन नावाने फिरवणारे चोर आहेत.

भेटायला जाण्यावरून बरीच बोलणी खाल्ली. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे माणुसकी नाही. पण केमो चालू असताना मुलाच्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि आपल्या साध्या सर्दीने त्याला हॉस्पिटल गाठावं लागतं. म्हणून आम्ही ओट्यावरून बोलून येतो. न्यायचं तर केळी, जाड सालीची, नाहीतर त्याच वेळी शिजवलेलं गरम जेवण. कापलेलं फळ नाही, कोशिंबीर नाही. आणि हा आजार लागट नाही, हे शेजारपाजारी सांगत राहावं लागतं. कुणी भगताकडे नेत असेल तर आम्ही वाद घालत नाही. जा, पण तारीख चुकवू नका.

सगळीच मुलं घरी येत नाहीत. दुसऱ्या एका घरातलं दीड वर्षाचं बाळ, हृदयाचं, ऑपरेशननंतर गेलं. त्याच्यासाठी गोळा केलेले 6,200 रुपये वहीत शिल्लक होते. एकजण म्हणाली, पुढच्या मुलाला ठेवू. एकीचं म्हणणं पडलं, देणाऱ्यांना परत करू. बैठक रात्री उशिरापर्यंत चालली, आवाजही चढले. शेवटी ठराव झाला की ज्या घरासाठी मागितले त्याच घराला द्यायचे. त्या आईने चार महिने कामाला हात लावला नव्हता, दुकानाची उधारी तशीच होती. मूल गेलं म्हणून खर्च संपत नाही. आमच्यातल्या दोघी अजूनही ठराव पटला नाही म्हणतात, आणि ते वहीत त्यांच्या नावानिशी लिहिलेलं आहे. तसंच असावं. ती आई आता पुन्हा बैठकीला येते. तिला काही विचारत नाही, हिशेबाची वही तिच्याकडे दिली आहे. अक्षर चांगलं आहे तिचं.

आणि पहिली मुलगी? तिच्या आता गोळ्या चालू आहेत, महिन्याची तारीख असते. शाळेत जाते. धाकटा तिच्या मागे लागून अंगणवाडीत बसतो.

एक जूनला बोटी वर ओढल्या जातात त्या जुलै संपेपर्यंत. त्या दोन महिन्यांत घरात पैसा नसतो, 20 रुपयेही जड जातात, आणि पोरांची आजारपणं पावसातच वाढतात. म्हणून आम्ही जून-जुलैची वर्गणी मेमध्येच घेतो. जिला तेव्हा रोख जमत नाही ती सुके बोंबील किंवा सुकट देते, ते आम्ही पालघरच्या बाजारात विकून वहीत जमा धरतो. यंदाची मेची बैठक शनिवारी दुपारी चारला आहे. शेजारच्या गावातल्या ज्या गटांना वही कशी ठेवतो ते बघायचं असेल त्यांनी यावं. येताना आपल्या गावात तारखा चालू असलेली मुलं किती आहेत, तेवढं विचारून या.