अनुदानाआधी आराखडा : लहान शेतीसाठी सात वर्षांचे नियोजन

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळी चहाच्या वेळी आपल्यापैकी पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "साहेब, सध्या कोणती स्कीम चालू आहे?" हा प्रश्न चुकीचा नाही, परंतु तो विचारण्याची वेळ नंतरची आहे. त्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे की, माझ्या तीन-चार एकरांत पुढील सात वर्षांत काय उभे राहावयास हवे आणि ते कोणत्या क्रमाने? हे ठरले की योजना शोधणे सोपे होते. हे न ठरविता जी योजना दिसेल तिचा अर्ज भरला, तर शेतात वस्तू जमतात, पण शेती उभी राहत नाही.

याचे उदाहरण माझ्या घरचेच आहे. १९९० पासून आपल्या राज्यात रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीची योजना सुरू झाली. योजना चांगली होती. कोकणात आंबा-काजूच्या आणि सांगोला भागात डाळिंबाच्या बागा याच काळात मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. माझ्या वडिलांनीही एक हेक्टर मोसंबी लावली. तेव्हा मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो. सुट्टीत घरी आलो की खड्डे मोजण्याचे काम माझ्याकडे असे. ६ × ६ मीटरवर २७७ झाडे बसली. विहिरीचे पाणी जानेवारीपर्यंत पुरते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. "आधी झाडे लावू, पाण्याचे पुढे पाहू," असे ठरले. पहिला उन्हाळा डोक्यावरून घागरी वाहून निघाला. दुसऱ्या उन्हाळ्यात निम्म्याहून अधिक झाडे वाळली. झाडे जगली नाहीत म्हणून पुढचा हप्ता थांबला. विहीर खोल करण्यासाठी काढलेले कर्ज मात्र राहिले आणि ते फेडताना बैलजोडी विकावी लागली. यात योजनेचा दोष नव्हता आणि वडिलांच्या कष्टातही उणीव नव्हती. फक्त क्रम चुकला होता. म्हणून आज मी योजनांची यादी वाचण्याऐवजी क्रमाविषयी बोलणार आहे.

अनुदानाची टक्केवारी आणि आपला खिसा

प्रथम एक गैरसमज दूर करू. ठिबक सिंचनासाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याचे पूरक २५ टक्के असे मिळून ८० टक्के अनुदान आहे. इतर शेतकऱ्यांना ४५ आणि ३० मिळून ७५ टक्के आहे. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी अल्पभूधारक आणि एक हेक्टरपर्यंतचा अत्यल्पभूधारक, हे आपणास माहीत आहेच. आता ८० टक्के म्हटले की आपण समजतो, शंभरातले वीसच आपल्याला घालावयाचे आहेत. प्रत्यक्षात ही टक्केवारी आपल्या बिलावर नसते. ती शासनाने लागवडीच्या अंतरानुसार ठरविलेल्या खर्चाच्या मापदंडावर असते.

केवळ हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे घेऊ. समजा, एक हेक्टर ठिबकचे बिल १ लाख २० हजार रुपये झाले आणि मापदंड १ लाखाचा आहे. अनुदान ८० हजार मिळेल. आपला हिस्सा ४० हजार झाला, म्हणजे पाचवा नव्हे तर तिसरा भाग. शिवाय अनुदान काम झाल्यावर, मोका तपासणीनंतर खात्यावर जमा होते. तोपर्यंत संपूर्ण १ लाख २० हजार आपणच उभे करावयाचे असतात. त्यातले ८० हजार शेकडा दोन रुपये मासिक व्याजाने आठ महिन्यांसाठी उचलले, तर १२,८०० रुपये व्याज गेले. एकूण खर्च १ लाख ३२ हजार ८०० आणि मिळाले ८० हजार. म्हणजे अनुदान प्रत्यक्षात साठ टक्केच पडले. साठ टक्केसुद्धा थोडे नाहीत. ते जरूर घ्यावेत, पण हिशेब साठ टक्क्यांचा धरून घ्यावेत.

वर्ष पहिले : कागद नीट करा

माझ्या अनुभवात लहान शेतकऱ्याचे अर्ज पात्रतेअभावी फारसे अडत नाहीत. ते कागदांत अडतात. आजोबांच्या नावाचा सातबारा, वारस नोंद राहिलेली, आधारवरील नाव एक आणि आठ-अ वरील दुसरे, विहीर शेतात आहे पण सातबाऱ्यावर नाही, अशी ही अडचण असते. पहिले वर्ष याच कामासाठी द्यावे.

सामाईक खाते असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते. भावाभावांत वाटणी मनाने झालेली असते, कागदावर नसते. अशा वेळी सर्वांच्या संमतीने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. गोडीगुलाबी आहे तोवर हे काम उरकून घ्यावे.

राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो काढून घ्यावा. ई-पीक पाहणी दर हंगामात स्वतः नोंदवावी. बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हे बँकेत जाऊन विचारावे. महाडीबीटी पोर्टलवर पूर्वी सोडत निघत असे. २०२५-२६ पासून प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य, अशी पद्धत आली. त्यामुळे ज्याचे कागद तयार असतात त्याचा नंबर आधी लागतो.

वर्ष दुसरे व तिसरे : पाणी, नंतर ठिबक

पाण्याचा हिशेब झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. आपल्या विहिरीला मार्चअखेर किती तास पाणी असते, हे लागोपाठ दोन वर्षे वहीत लिहा. तुमचे बारमाही क्षेत्र किती, हे त्या आकड्यावरून कळेल.

शेततळ्यासाठी २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. पुढे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत आकारमानानुसार कमाल ७५ हजार रुपये अनुदान ठेवण्यात आले. हे अनुदान खोदाईचे आहे. प्लॅस्टिक अस्तरीकरणाचा खर्च वेगळा धरावा. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. शेततळे पावसाचे वाहून जाणारे पाणी अडविण्यासाठी आहे. बोअरचे पाणी उपसून तळे भरले तर पाणी वाढत नाही. भूगर्भातले पाणी फक्त उन्हात आणून ठेवल्यासारखे होते आणि शेजाऱ्याची विहीर लवकर आटते.

अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. यांत नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंप अशा बाबी आहेत. आपण पात्र असाल तर आराखड्यात सर्वांत आधी याच योजना बसवा.

पाण्याची खात्री झाली की ठिबक. येथे सात हा आकडा लक्षात ठेवा. एकदा ठिबकचे अनुदान घेतले की त्याच क्षेत्रावर ते पुन्हा सात वर्षांनंतरच मिळते. म्हणून आज भाजीपाल्यासाठी एका अंतराने नळ्या पसरल्या आणि दोन वर्षांनी तेथेच फळबाग लावली, तर नळ्या बदलण्याचा खर्च स्वतःचा. पुढच्या सात वर्षांत या गटात काय असणार, हे ठरवूनच आराखडा काढून घ्यावा. आजचा विषय सात वर्षांचा ठेवण्याचे एक कारण हेही आहे.

वर्ष तिसरे ते पाचवे : फळबाग

बाग मोठी करण्यापेक्षा पुरी करावी. मार्चअखेरचे पाणी एक एकराला पुरत असेल तर बाग एक एकरच असू द्या. रोजगार हमीच्या फळबाग योजनेत जे बसत नव्हते, त्यांच्यासाठी २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू झाली. तिच्यात अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी ठेवले आहे आणि पुढचे हप्ते जिवंत झाडांच्या प्रमाणावर अवलंबून आहेत. हा नियम कडक वाटतो, पण शहाणपणाचा आहे. १९९० नंतर ज्यांची झाडे वाळली त्यांच्यापैकी एका घरातला मी आहे, म्हणून हे म्हणतो. लागवडीच्या वर्षी पाच टक्के रोपे जास्तीची पिशवीत वाढवून ठेवा. मेलेल्या झाडाच्या जागी त्याच वयाचे रोप लावता आले म्हणजे बाग एकसारखी राहते आणि हप्ताही अडत नाही.

जून-जुलैत लागवड करावयाची तर अर्ज त्याआधी काही महिने गेला पाहिजे. रोपे शासकीय, विद्यापीठाच्या किंवा नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि पावती जपून ठेवावी.

वर्ष पाचवे ते सातवे : औजारे, साठवण, प्रतवारी

कृषी यांत्रिकीकरणात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान मर्यादेच्या अधीन राहून मिळते. पण तीन एकरांसाठी ट्रॅक्टर वर्षातून किती दिवस चालेल? अर्धी किंमत शासनाने दिली तरी उरलेल्या अर्ध्याचे हप्ते तुमच्या शेतातूनच निघावयाचे आहेत. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून वापरण्याजोगे औजार निवडावे, किंवा भाड्याने आणावे.

कांदा चाळ, पॅक हाऊस, प्रतवारीची सोय या गोष्टी माल हाती येऊ लागल्यावरच घ्याव्यात. मोठे काम असेल तर २०२० साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे तीन टक्के व्याज सवलत मिळते. ही व्याजाची सवलत आहे. मुद्दल तुम्हालाच फेडावयाचे आहे, हे घरातील सर्वांना सांगूनच सही करा.

खरेदीबाबत एकच नियम ध्यानात ठेवा. पूर्वसंमती हाती पडल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. दुकानदार म्हणतो, "न्या तुम्ही, कागद मागून करू." मागून कागद होत नाहीत. पूर्वसंमती मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत खरेदी करावी, पक्के जीएसटी बिल घ्यावे, रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि बिल पोर्टलवर चढवावे.

आपला हिस्सा कोठून आणावयाचा?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अनुदानाचे नियोजन म्हणजे मुख्यतः स्वतःच्या हिश्श्याचे नियोजन. पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६ हजार, असे १२ हजार रुपये पात्र शेतकऱ्याच्या खात्यावर येतात. ते कधी आले आणि कशात गेले, हे बहुतेकांना सांगता येत नाही. ज्यांचे घर त्यावाचून चालू शकते, त्यांनी हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत. तीन वर्षांत ३६ हजार होतात. मघाच्या उदाहरणातील ठिबकचा आपला हिस्सा ४० हजार होता. म्हणजे तो जवळजवळ जमला. अनुदान येईपर्यंतची मधली रक्कम खासगी व्याजाने न उचलता बँकेकडून घेता येईल का, हेही अर्ज करण्यापूर्वीच विचारून ठेवा.

ठिबक बसले की दरवर्षी सहा हजार रुपये बाजूला काढा. सात वर्षांत ४२ हजार होतील आणि नळ्या बदलण्याची वेळ येईल तेव्हा हात पसरावे लागणार नाहीत. त्या वेळी योजना असली तर उत्तमच. नसली तरी काम थांबणार नाही. योजना बदलतात, नावे बदलतात, निधी कमी-अधिक होतो. आपला आराखडा एका योजनेच्या भरवशावर नसावा.

तीन प्रश्न आणि एक वही

प्रत्येक अर्जाआधी घरात बसून तीन प्रश्नांची उत्तरे काढा. अनुदान नसते तर ही वस्तू आपण उशिरा का होईना घेतली असती का? ती चालविण्यास पाणी, माणूस आणि बाजार आपल्याकडे आहे का? ती मोडली तर दुरुस्तीचा खर्च झेपेल का? यांपैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर अर्ज पुढे ढकला. दहा गुंठ्यांचे शेडनेट पन्नास टक्क्यांत मिळते म्हणून घेतले, वादळात फाटले आणि पुढे सांगाडा उभा राहिला, असे शेत आपल्या प्रत्येकाच्या पाहण्यात असेल.

आज घरी गेल्यावर एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर शेताचा नकाशा काढा. विहीर, बांध, उतार, झाडे त्यावर दाखवा. पुढच्या सात पानांवर सात वर्षे लिहा. प्रत्येक पानावर चार ओळी असू द्या : यंदा काय करावयाचे, त्यास कोणती योजना लागू होईल, आपला हिस्सा किती, तो कोठून येईल. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, म्हणून दर मार्चमध्ये ती वही घेऊन आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे जा. तेव्हा "कोणती स्कीम चालू आहे?" हे विचारण्याऐवजी वही उघडून "यंदा मला हे काम करावयाचे आहे, यात काय बसते?" असे विचारा. त्यालाही उत्तर देणे सोपे जाईल.

माझ्या वडिलांनी पुढे, २००६ साली, विहिरीचे पाणी वाढविल्यानंतर पुन्हा मोसंबी लावली. या वेळी ७० झाडे लावली. त्यांतील बरीचशी आजही उभी आहेत. २७७ झाडांच्या बागेने बैलजोडी नेली होती. ७० झाडांच्या बागेने माझ्या धाकट्या बहिणीचे शिक्षण केले.