परसातली फुलं आणि घरधनिणीचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात आज आम्ही गुलाबावर बोलणार आहोत. मागं बसलेले काही जण हसले, ते आम्हांला दिसलं. हसण्याचं कारणही कळतं. कापसाचा भाव पडला की शहरातला कोणीतरी शहाणा उठतो आणि सांगतो, 'कापूस कशाला लावता? फुलं लावा.' जणू कोरडवाहू वावरात पऱ्हाटी ही आपली हौसच आहे! म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. पऱ्हाटी उपटून गुलाब लावा, असं सांगायला आम्ही आलेलो नाही. कापसाच्या भावाचं भांडण सरकारच्या धोरणाशी आहे, ते परसातल्या फुलानं मिटणार नाही. ते भांडण चालूच राहील.

मग गुलाब कशाला? 1991 साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. निर्यातीच्या गप्पा आपण पुष्कळ ऐकल्या. त्याच सुमाराला परदेशी गुलाबाची लाट आली. पुण्याकडं, बंगळूरकडं कर्ज काढून पॉलीहाऊसं उभी राहिली. काही टिकली, पुष्कळ बुडाली. आज आपण दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करू. घरामागचा तुकडा, न्हाणीचं पाणी आणि घरधनिणीचा हात, एवढ्यावर.

पण त्याआधी आमची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका गावात आम्हीच सांगितलं, झेंडू लावा, दसऱ्याला पैसा आहे. आमच्याकडं शेतकीची पदवी, लोकांचा आमच्यावर विश्वास. वीस-पंचवीस घरांनी एकाच आठवड्यात रोपं लावली. झेंडू आला, मोप आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या पाट्या एकाच गाडीतून एकाच बाजारात गेल्या. सकाळी होता तो भाव दुपारी राहिला नाही. संध्याकाळी एका म्हाताऱ्या मावशीनं आपली पाटी रस्त्याकडेला पालथी केली आणि आम्हांला विचारलं, 'साहेब, लावायचं शिकवलं. इकायचं कोण शिकवणार?' आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आजचं भाषण हे त्या मावशीला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

पहिली गोष्ट पाण्याची. पाच माणसांच्या घरात अंघोळीचं नि भांड्यांचं मिळून दिवसाला 100 लिटर सांडपाणी निघतं असं धरा. उन्हाळ्यात गुलाबाच्या एका झाडाला दिवसाला 5 लिटर लागतं. म्हणजे वीस झाडं. यापुढं एकविसावं झाड लावायचं नाही. पिण्याच्या पाण्यातला एक तांब्याही फुलाला जाता कामा नये. ज्या गावात टँकर येतो तिथं दहाच लावा. न्हाणीचं पाणी थेट झाडाला सोडू नका. वाटेत खड्डा करून त्यात दगडगोटे आणि वाळू भरा, कडेला कर्दळ लावा, मग ते पुढं जाऊ द्या. कपड्याच्या सोड्याचं पाणी मात्र गुलाबाला अजिबात नको. त्यानं जमीन चोपण होते आणि गुलाबाला खार सोसत नाही.

दुसरी गोष्ट मातीची. आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि गुलाबाची मुळी सडते. म्हणून दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. तळाला मुरूम किंवा विटांचे तुकडे, वर माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत. वाफा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवा. दोन झाडांत अडीच फूट अंतर. दिवसाचं सहा तास ऊन पाहिजे. कडेला बाभळीच्या काट्या लावा, नाहीतर पहिला हंगाम शेळी काढील. उघड्यावर लावायला ग्लॅडिएटर ही जात महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी चालते. कलम घेताना डोळा भरलेला सांधा पाहून घ्या आणि तो मातीच्या वर ठेवा. सांध्याखाली खुंटातून जो फुटवा येतो तो जंगली गुलाबाचा. तो जोमानं वाढतो, बघून आनंद होतो आणि खरं कलम मात्र मरतं. दिसला की मुळापासून काढा.

छाटणी हा गुलाबाचा जीव आहे आणि व्यापारही. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उत्तरार्धात छाटा. वाळक्या, किडक्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढा. चांगल्या फांदीवर चार-पाच डोळे ठेवा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, धारदार कात्रीनं तिरपा काप घ्या. त्यानंतर दीड महिन्यानं फूल येतं. इथं व्यापार सुरू होतो. फूल कधी यावं हे पुष्कळसं तुमच्या कात्रीच्या हातात आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. फेब्रुवारीतल्या 14 तारखेला शहरातली पोरं गुलाब मागतात; त्यासाठी काही झाडं डिसेंबरच्या अखेरीस छाटावी लागतात. सगळी झाडं एका दिवशी छाटू नका. पाच-पाच झाडं, आठ-आठ दिवसांनी.

हाच नियम झेंडूला. रोप टाकल्यापासून फूल यायला साधारण तीन महिने लागतात. तिसरा हिस्सा गणपतीसाठी, तिसरा दसऱ्यासाठी, तिसरा दिवाळीसाठी, असं मागून मोजत जा. रोप रुजलं की शेंडा खुडा, फुटवे जास्त येतात. पाणी फारच कमी असेल तिथं गलांडा लावा, तो कोरड सोसतो. निशिगंधाचे कंद एकदा लावले की तीन वर्षं चालतात. शेवंती दिवस लहान झाल्यावरच फुलते, तिला घाई चालत नाही.

फवारणीबद्दल एकच गोष्ट. कपाशीवरचं औषध उरलं म्हणून फुलावर मारू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं मेली, ते आपण विसरलेलो नाही. फूल उघड्या हातानं तोडलं जातं आणि केसांत माळलं जातं. मावा, फुलकिडे दिसले तर लिटरमागं 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून मारा.

दांडीचा गुलाब पहाटे तोडायचा. बाहेरची एक-दोन पाकळी सैल झाली की तीच वेळ. तोडल्याबरोबर दांडी स्वच्छ पाण्याच्या बादलीत, बादली सावलीत.

आता मावशीच्या प्रश्नाकडं. ज्वारी कणगीत थांबते, कापूस घरात थांबतो, फूल थांबत नाही. 2020 च्या टाळेबंदीत देवळं आणि लग्नं बंद झाली तेव्हा फुलवाल्यांना उभं पीक टाकून द्यावं लागलं. म्हणून पहिला नियम, फुलासाठी कर्ज नाही. दुसरा नियम, पहिलं गिऱ्हाईक जवळचं. गावातलं देऊळ, आठवडी बाजार, तालुक्याचा हारवाला. लावण्याआधी त्या हारवाल्याला जाऊन विचारा, कोणत्या महिन्यात काय कमी पडतं? तिसरा नियम, दहा घरांनी एकच फूल लावायचं नाही. वाटून घ्या आणि पाट्या एका गाडीत, पण वेगवेगळ्या बाजाराला पाठवा.

हॉलंडमधल्या आल्समीरचा फुलांचा लिलाव जगात प्रसिद्ध आहे. तिथं घड्याळाचा काटा वरच्या भावापासून खाली उतरतो आणि ज्याला माल पाहिजे तो मध्येच थांबवतो. उशीर केला तर माल दुसऱ्याचा. लोक त्या घड्याळाचं कौतुक करतात. आम्हांला कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं आहे. ते लिलावघर फुलं पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेचं आहे. आपल्याकडं कापसाची एकाधिकार खरेदी 1972 साली आली, पुढं तीस वर्षं चालली; पण तिथला भाव ठरवताना आपल्याला कोणी विचारलं नाही.

शेवटची गोष्ट. एक वही घाला. रोप, खत, गाडीभाडं, आडत लिहा. पहाटे तोडणीला गेलेले तासही मजुरीच्या दरानं लिहा. 'घरचंच काम आहे' म्हणून ते सोडू नका. घरचे कष्ट फुकट धरायची सवय आपल्याला सरकारनं लावली, आणि तीच सवय आपण घरातल्या बाईला लावली. वही तिच्या हातात राहील, पैसाही तिच्याच हातात. घरधन्यानं मागायचा असेल तर उसना मागावा आणि परत करावा.

वर्षाअखेर वहीत तोटा दिसला तर झाडं काढून टाका, आम्हांला वाईट वाटणार नाही. पण ज्या बाईनं एक वर्ष गुलाबाचा उत्पादन खर्च स्वतः मांडला, ती पुढच्या वर्षी कापसाचा खर्च मांडील. सभेत उठून भावाचा प्रश्न विचारील आणि तिला कोणी गप्प बसवू शकणार नाही. पुढच्या मेळाव्याला येताना फुलं आणली नाहीत तरी चालेल. वह्या घेऊन या.