चालकाविना गाडी आणि पायी माणूस



आपल्या सीमाभागातल्या देवणी गावात बाजारादिवशी रस्ता ओलांडणारा माणूस गाडीकडं नाही, गाडीवाल्याकडं बघतो. टमटमवाला हात बाहेर काढून "जावा, जावा" म्हणतो आणि डोक्यावर गाठोडं घेतलेली आजी निर्धास्त पलीकडं जाते. मग गाडीत चालकच नसेल, तर तिनं कुणाकडं बघायचं?

दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावते. पण तिथं फलाटाच्या कडेला दारं आहेत, माणूस गाडीसमोर येतच नाही. रस्त्याचं तसं नाही. अमेरिकेत फिनिक्समध्ये वेमो कंपनीच्या चालकाविना टॅक्सी त्याच वर्षी सर्वांसाठी खुल्या झाल्या. त्यांची गाठ थेट पादचाऱ्यांशी पडते.

म्हणून गाडीला बोलतं करण्याचे प्रयत्न चालू आहेत. गाडी यंत्र चालवतंय हे कळावं म्हणून मर्सिडीजनं फिरोजी दिवे आणले. डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्निया आणि नेवाडानं त्यांना परवानगी दिली. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी तर गाडीला मोठाले डोळेच बसवले. डोळे आपल्याकडं वळले, की समजायचं: तिनं आपल्याला पाहिलं.

आवाजाचाही प्रश्न आहेच, कारण अशा गाड्या बऱ्याचदा विजेवर चालतात. विजेवरची गाडी धूर सोडत नाही, पण हळू चालताना तिची चाहूलही लागत नाही. दृष्टिहीनांना हे धोक्याचं. त्यामुळे युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेवरच्या मोटारीला कमी वेगात कृत्रिम आवाज करणं बंधनकारक आहे. आपल्या देवणी बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ हेच काम करत आली. अंधारात बैलगाडी दिसायच्या आधी ऐकू यायची.

गाडीवर पाटी लावून भागणार नाही. आपल्या या सीमाभागात मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू बोलणारे एकाच रस्त्यानं जातात, आणि सगळ्यांनाच वाचता येतं असंही नाही. सगळ्यांना समजणारी खूण एकच: गाडीनं लांबूनच वेग कमी करणं. दिवा आणि आवाज तिच्या जोडीला हवेत, आणि ते सगळ्या कंपन्यांचे एकसारखे हवेत.

रोजगार जातील म्हणून चालकाविना गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी २०१७ मध्येच म्हणाले होते. त्या उद्या येवोत वा न येवोत, पर्यावरण जपणारं शहर पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांवरच उभं राहतं. तेव्हा यंत्राची भाषा शिकायचं ओझं त्यांच्यावर नको. माणसाची रीत यंत्रानंच शिकावी, आणि नियमही तसेच व्हावेत.