रस्त्याची कड कोण बांधणार?



साहित्याच्या व्यासपीठावरून अध्यक्षाने रस्तारुंदीवर बोलावं, हे काहींना खटकेल. पण याच हैदराबादेत १९३१ साली मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी ज्ञानकोशकार केतकर होते. ज्ञानकोशकाराला कुठलाच विषय वर्ज्य नसतो. त्यांच्या पुण्याईवर आज थोडी मोकळीक घ्यायला हरकत नसावी.

विषय ताजा आहे. चारमिनारच्या परिसरात मेट्रो येते आहे. ८ मार्च २०२४ रोजी फलकनुम्याला पायाभरणी झाली. महात्मा गांधी बस स्थानकापासून चांद्रायणगुट्ट्यापर्यंत साडेसात किलोमीटरचा हा मार्ग खांबांवरून जायचा आहे. वाटेत दारुलशिफा, पुरानी हवेली, ऐतबार चौक, हरिबावली, शालीबंडा. नावं वाचली तरी अर्धा इतिहास डोळ्यांपुढून जातो. दारुलशिफा म्हणजे कुत्बशाही काळातला दवाखाना. पुरानी हवेलीत सहाव्या निजामाचं ते लांबच लांब लाकडी कपाट आजही बघायला मिळतं. या मार्गाखालच्या अरुंद रस्त्याची रुंदी शंभर फूट करायची, तर दोन्ही बाजूंची घरं आणि दुकानं कापावी लागतात. जानेवारी २०२५ मध्ये चौरस यार्डाला ८१,००० रुपये दराने भरपाईचे धनादेश वाटायला सुरुवात झाली आणि पाठोपाठ पाडापाडीही.

मेट्रो नकोच, असं म्हणणाऱ्यांना एक प्रश्न विचारायला हवा. हैदराबादची मेट्रो नोव्हेंबर २०१७ मध्ये धावू लागली. मियापूरला गाडी मिळाली, हायटेक सिटीला मिळाली, जुन्या शहराचा तुकडा मात्र आराखड्यात असूनही मागे राहिला. चारमिनारचा फोटो सगळ्या जाहिरातींवर छापायचा आणि तिथल्या माणसाने मात्र बसच्या पायरीवर लोंबकळत कामाला जायचं, हा कुठला वारसाप्रेमाचा न्याय? जुन्या वस्तीतल्या लोकांना नळ, गटार, लिफ्ट, गाडी हे सगळं हवं असतं. वाड्याचं कौतुक बहुतेक वेळा वाड्यात न राहणाराच करतो, हे पुण्याच्या पेठांतल्या कुणालाही विचारावं.

तेव्हा वाद मेट्रो यावी की नाही, यावर घालायचा नाही; ती कशी यावी, यावर घालायचा. मार्गावरच्या शंभराहून अधिक धार्मिक आणि इतर संवेदनशील वास्तू वाचवण्यासाठी आखणीत फेरफार केल्याचं मेट्रोच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं आहे. आशुरखाना वाचला, मंदिर वाचलं, दर्गा वाचला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आशुरखान्याशेजारच्या घराचं काय? ज्या घराला लाकडी खांबांची गच्ची आहे, चुन्याच्या गिलाव्यात काढलेली वेलबुट्टी आहे, खाली अत्तराचं नाहीतर पतंगाचं दुकान आहे, त्याच्यामागे ना जमात उभी राहते ना पुरातत्त्व खातं. मोहल्ल्याचा चेहरा तर अशाच घरांनी बनतो. चारमिनार एकटा उभा राहील, तो केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्याभोवतीचं शहर कुणाच्याच यादीत नाही.

रस्ताही रुंद व्हावा आणि मोहल्ल्याला चेहराही राहावा, हे कोडं याच शहराने एकदा सोडवलेलं आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला पूर आला. पूल वाहून गेले, हजारो माणसं गेली. काठावरच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे लोक वाचल्याची गोष्ट हैदराबादेत आजही सांगतात. त्यानंतर अभियंता विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, पुढे उस्मान सागर आणि हिमायत सागर हे जलाशय झाले. १९१२ मध्ये शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झालं. या बोर्डाने वस्त्या हलवल्या, रस्ते रुंद केले, गटारं घातली. त्या काळच्या मानाने ती आजच्या मेट्रोइतकीच मोठी उलथापालथ होती.

आणि त्यातूनच पत्थरगट्टी उभी राहिली.

चारकमानीकडून मदिना बिल्डिंगच्या दिशेने चालत गेलं की ती दिसते. ग्रॅनाइटचे घडीव दगड, एकसारख्या कमानींची रांग, खाली दुकानं, वर राहायच्या खोल्या. कमानीच्या आतून पायी जाणाऱ्याला सावली मिळते आणि पाऊस आला तर आडोसाही. आज तिच्यावर विजेच्या तारांचे झुबके लोंबतात, कमानीच्या माथ्यावर एसीचे डबे बसले आहेत, साड्यांच्या आणि शेरवानीच्या दुकानांचे फलक निम्मी कमान झाकतात. तरीही ती ओळ मोडत नाही. कारण रस्ता रुंद करणाऱ्यांनी रस्त्याची कडसुद्धा स्वतःच आखली होती. पर्यटक आज ज्याला जुनं हैदराबाद म्हणून कॅमेऱ्यात धरतो, त्यातलं बरंचसं हे रस्तारुंदीचं अपत्य आहे! मोअज्जम जाही मार्केटही तसंच. ज्या शाहजाद्याचं नाव त्याला आहे, तोच या बोर्डाचा अध्यक्ष होता. १९३५ चा हा दगडी बाजार मधल्या काळात गळका आणि कळकट झाला होता. नीट दुरुस्ती होऊन ऑगस्ट २०२० मध्ये तो पुन्हा उजळला, आणि आइस्क्रीमवाले आजही तिथेच आहेत.

आता आजची पद्धत पाहा. सरकार घराचा पुढचा भाग घेतं, धनादेश देतं आणि खांब रोवायला निघून जातं. मागे उरलेल्या दहा-बारा फुटांच्या चिंचोळ्या तुकड्याला मालक आपल्या ऐपतीप्रमाणे तोंड फोडतो. एकाचं शटर पुढे, दुसऱ्याचं मागे, तिसऱ्याने काचा लावल्या, चौथ्याने चकचकीत पत्रे ठोकले. दोष त्याचा नाही. त्याला कुणी नकाशा दिला नाही, छज्ज्याची उंची सांगितली नाही. पत्थरगट्टीत जे काम बोर्डाने केलं, ते आता पिढ्यान्पिढ्याचं घर अर्धं गमावलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकलं आहे.

कायद्याची अवस्थाही सांगायला हवी. १९९५ पासून हैदराबादेत वारसावास्तूंची यादी होती, तिला विकास नियमावलीतल्या नियम १३ चं संरक्षण होतं. मुंबईनेही त्याच वर्षी आपले हेरिटेज नियम केले. तेलंगणात २०१५ मध्ये हा नियमच काढून टाकला गेला आणि २०१७ मध्ये नवा वारसा कायदा आला. तरीही २०१९ मध्ये नव्या विधानसभेसाठी इर्रम मंजिल हा जुना महाल पाडायचं ठरलं. तो निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला म्हणून ती वास्तू आज उभी आहे. उस्मानिया रुग्णालयाचं घोंगडं तर दहा वर्षं भिजत पडलं होतं. वास्तुकार व्हिन्सेंट एशची ती इमारत पाडण्याची घोषणा २०१५ ची, २०२० च्या पावसात तिच्या वॉर्डांत पाणी शिरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या रुग्णालयाची पायाभरणी शेवटी गोशामहलला झाली. रुग्णांना खाटा हव्यात आणि नदीकाठचा घुमटही राहावा, हे दोन्ही जागा बदलून जमतं, एवढं समजायला एक दशक गेलं.

मराठी माणसाने या सगळ्याकडे तिऱ्हाईतासारखं पाहण्याचं कारण नाही. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा हा आपल्या पूर्वजांचा वावर असलेला भाग. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हद्दीत संस्थांवरची निजामाची बंधनं सैल होती, म्हणून या परिसरात तेलुगूंचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय १९०१ मध्ये निघालं. थोड्याच अंतरावर, जांबबागेत, मराठी मंडळींची १९०७ ची विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था आहे. याच सुलतान बाजारावरून मेट्रो गेली. व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, मार्ग भुयारी करा अशी मागणी झाली. अखेर गाडी वरूनच आली आणि ७ फेब्रुवारी २०२० ला ज्युबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक हा टप्पा सुरू झाला. बाजार मेला नाही, हे मान्य करावं लागेल. गर्दी आहे, घासाघीस आहे, बांगड्या आणि कापड आहे. फक्त आकाश गेलं, आणि वरच्या मजल्यांच्या जुन्या खिडक्या आता काँक्रीटच्या पोटाकडे पाहतात.

भुयार हाही रामबाण नव्हे. मुंबईत मेट्रो ३ फोर्टच्या खालून गेली, तेव्हा जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या इमारतीचं प्रकरण २०१७ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अॅमस्टरडॅममध्ये २००८ साली भुयारी मेट्रोच्या कामामुळे जुनी घरं खचली, काम थांबलं आणि ती गाडी सुरू व्हायला २०१८ उजाडलं. पुण्याने मंडई आणि कसब्याखालून बोगदा नेला, पेठांचा वरचा चेहरा त्यामुळे बचावला. पण त्याच पेठांतले वाडे त्याआधीपासूनच एकेक करून इमारती होत आहेत, तिथे मेट्रोला बोल लावता येत नाही.

तेव्हा या संमेलनाच्या निमित्ताने शासनाकडे एक मागणी जावी. दारुलशिफा ते शालीबंडा या पट्ट्यात जी घरं कापली गेली किंवा जाणार आहेत, त्यांच्या उरलेल्या तुकड्यांसाठी दर्शनी भागाचा एकच नमुना ठरवावा: कमान किती रुंद, छज्जा कुठल्या उंचीवर, शटर कमानीच्या किती आत, फलक किती मोठा. पुढच्या बाजूला पादचाऱ्यांसाठी सावलीची सलग पट्टी सोडावी आणि ती बांधायचा खर्च मालकाच्या भरपाईतून कापू नये, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात घ्यावा. हे काम शटरं बसण्याआधी व्हायला हवं, कारण एकदा बसलेलं शटर मागे सरकवणं कुठल्याही महापालिकेला जमलेलं नाही.

दुसरं काम आपलं. सुलतान बाजार आणि बडी चावडीतल्या मराठी घरांमध्ये जुने फोटो, खरेदीखतं, बांधकामाचे नकाशे, भाडेपावत्या ट्रंकांमध्ये पडून आहेत. त्यांच्या प्रती मराठी ग्रंथालयांनी जमवाव्यात, घराच्या दर्शनी भागाचं एकेक रेखाचित्र वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावं आणि रस्त्याच्या क्रमाने लावून ठेवावं. पुढच्या वेळी आखणीचा नकाशा घेऊन अधिकारी आले, की हा दुसरा नकाशा त्यांच्यापुढे टेबलावर ठेवता येईल.