‘पडोसन’: हरणाऱ्याच्या बाजूनं

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



जेवणानंतरचं पहिलं भाषण माझ्या वाट्याला आलंय. श्रीखंड-पुरीनंतर श्रोत्यांना जागं ठेवायचं काम सोपं नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मैत्रिणीनं अट घातली, की ‘शाळेनं मला काय दिलं’ हा विषय घ्यायचा नाही, तो सकाळपासून चौघांनी घेतलाय. म्हणून मी सिनेमावर बोलणार आहे, आणि तोही आपण सगळ्यांनी पाहिलेला. ‘पडोसन’.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो गणपतीत, गल्लीत बांधलेल्या पांढऱ्या पडद्यावर पाहिला. पुढं जागा मिळाली नाही की आपण पडद्याच्या मागं जाऊन बसायचो. तिथून चित्र उलटं दिसायचं, डावीकडचा माणूस उजवीकडे. गाणी मात्र तीच ऐकू यायची. ‘पडोसन’ हा तसा पडद्यामागूनच बघायचा सिनेमा आहे, हे मला फार पुढं कळलं.

1968 सालचा हा चित्रपट. दिग्दर्शक ज्योती स्वरूप, गीतं राजेंद्र कृष्ण यांची आणि संगीत राहुल देव बर्मन यांचं. पंचमदा तेव्हा तिशीचेही नव्हते. गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. भोळा म्हणजे सुनील दत्त. समोरच्या खिडकीतली बिंदू म्हणजे सायरा बानू. तिला गाण्याचं वेड, आणि ह्या भोळ्याला गाता येत नाही. तिला गाणं शिकवायला येणारे मास्तरजी म्हणजे मेहमूद. आणि भोळ्याचा गुरू, नाटक मंडळी चालवणारा, पान खाणारा, डोळ्यांत काजळ घातलेला विद्यापती, म्हणजे आपला किशोरकुमार. भोळ्यानं खिडकीत उभं राहून नुसते ओठ हलवायचे आणि गुरूनं लपून गायचं, अशी यांची युक्ती.

आता गंमत बघा. ज्या माणसाचा आवाज सगळा देश ओळखत होता, तोच माणूस इथं दुसऱ्यासाठी लपून गातो. हिंदी सिनेमात पार्श्वगायन कसं चालतं, ते या सिनेमानं खिडकी उघडून दाखवलं. आपण हसलो, कारण सगळ्या नायकांचं गुपित फुटलं होतं. किशोरकुमारला या खेळाची दुसरी बाजूही माहीत होती. त्याआधी दहा वर्षं, 1958 सालच्या ‘रागिनी’मध्ये नायक किशोर होता, आणि त्याच्या तोंडी असलेलं शास्त्रीय ढंगाचं एक गाणं ओ. पी. नय्यर यांनी महंमद रफींकडून गाऊन घेतलं होतं. म्हणजे आवाज उसना देणाऱ्यानं एकदा तो उसना घेतलाही होता.

ही कल्पना मूळची बंगालीतली. 1952 सालच्या ‘पाशेर बाडी’ या चित्रपटावर ‘पडोसन’ बेतलेला आहे. तेलुगूत तीच गोष्ट ‘पक्किंटी अम्मायी’ या नावानं दोनदा आली. 1953 साली त्यात ए. एम. राजा होते, 1981 साली एस. पी. बालसुब्रह्मण्यम. दोघेही नावाजलेले गायक. लपून गाणाऱ्याच्या कामासाठी खरा गायकच हवा, हे त्यांनाही पटलं असणार.

पण मला आज बोलायचंय ते मास्तरजींबद्दल.

दोन खिडक्यांमधली ती जुगलबंदी, ‘एक चतुर नार’, आठवा. एका बाजूला मेहमूद, त्याला आवाज मन्ना डे यांचा. दुसऱ्या बाजूला किशोर. मन्ना डे उस्ताद अमान अली खाँ आणि उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे शिकलेले. किशोरनं गाण्याची रीतसर तालीम कधी घेतलेली नाही. आणि गाण्यात हरतात कोण? मन्ना डे! तालीम झालेला गायक नियम धरून बसतो, तक्रार करतो, आणि हा बिनतालमीचा गडी त्याला वाटेल तिथं फिरवून आणतो. त्यात गाण्याचा मुखडाही किशोरच्या घरचाच. 1941 सालच्या ‘झूला’मध्ये थोरल्या भावानं, अशोककुमार यांनी, तो गायला होता.

आपल्या संगीताच्या बाई आठवतात ना? पेटीवर बोट आपटून ‘सा’ दाखवायच्या त्या. एकदा ऑफ तासाला आपण या गाण्याचा दंगा घातला होता. बाई आल्या. आता प्रत्येकाला उठाबशा, असं वाटलं. त्या म्हणाल्या, “यात अवघड काम कुणाचं, सांगा.” आपण एका सुरात ओरडलो, “किशोरकुमारचं!” बाई म्हणाल्या, “त्याचं आहेच. पण मन्ना डे अडखळतात ते ऐका. नेमके तालात अडखळतात. ज्याला सूर येत नाही, त्याला सूर चुकवून दाखवता येत नाही. तो नुसता चुकतो.” आणि पेटी उघडून त्यांनी दोन्ही प्रकार गाऊन दाखवले, खरं चुकणं आणि मुद्दाम चुकणं. चाळीस वर्षं झाली, तो फरक माझ्या कानात आहे.

हे सांगताना मला दुसरी एक जुगलबंदी आठवते. 1956 सालचा ‘बसंत बहार’, संगीत शंकर-जयकिशन यांचं. त्यातही दरबारात गाण्याची स्पर्धा आहे. नायक भारत भूषण, त्याचा आवाज मन्ना डे. समोरच्या गवयाचा आवाज पंडित भीमसेन जोशी यांचा. आणि तिथं कथेप्रमाणे हरायचं होतं पंडितजींना! सवाई गंधर्वांचे शिष्य ते. गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यातला महोत्सव सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मन्ना डे यांनी स्वतः सांगितलंय, की भीमसेनजींसमोर गायचं आणि वर जिंकायचं, या कल्पनेनंच ते घाबरले होते. मुंबई सोडून काही दिवस दूर निघून जावं, असा विचार त्यांनी केला होता. पत्नीनं धीर दिला. भीमसेनजी त्या स्पर्धेत हरले म्हणून कुणी त्यांना लहान गवई म्हटलं का? आणि बारा वर्षांनी मन्ना डे किशोरसमोर हरले, म्हणून त्यांचं काय कमी झालं?

त्यातही ‘पडोसन’मधल्या मास्तरजींच्या बोलण्याची जी टिंगल आहे, दक्षिणेकडच्या माणसाची नक्कल, ती आज बघताना जरा टोचते. आपण लहानपणी त्यावर हसलो. आता माझी सून चेन्नईची आहे. तिच्यासोबत बसून बघितला, तेव्हा ती काही ठिकाणी हसली आणि काही ठिकाणी नाही. गाणं लागलं तेव्हा मात्र म्हणाली, “बाबा, हा मास्तरच खरा गाणारा आहे.” मला बाईंचीच आठवण झाली.

सिनेमाचा शेवट आठवतो का? युक्ती उघडकीला येते, बिंदू रुसते, मग मित्रांचं नाटक, रडारड आणि लग्न. त्या लग्नात सनई कोण वाजवतं? मास्तरजी. चेहरा पडलेला, पण सनई वाजतेय. ज्याचं गाणं खरं होतं तो हरला आणि ज्याला गाता येत नव्हतं तो बोहल्यावर चढला. आणि तरी हा माणूस लग्नाला आला. नुसता आला नाही, वाजवायला आला.

हे मी आज का सांगतोय? या मेळाव्यासाठी आपल्या तुकडीला फोन करायचं काम माझ्याकडे होतं. बरेच जण आनंदानं हो म्हणाले. पण चार-पाच जणांनी थोड्याफार फरकानं एकच उत्तर दिलं: “तुम्ही सगळे मोठे झालात. मी येऊन काय सांगू?” एकाचा धंदा बसलाय. एकीचं शिक्षण दहावीनंतर घरच्यांनी थांबवलं. एक जण अजून शिफ्टला जातो. यातली एक मुलगी, आज आजी झालीय ती, वर्गात गणितात कायम पहिली असायची. तिच्या वहीवरून किती जणांनी गृहपाठ उतरवला, ते इथं बसलेल्यांना विचारा. हात वर करायला सांगत नाही, सर समोर बसलेत!

सकाळपासून इथं सत्कार झाले. शाली, नारळ, टाळ्या. ते व्हायलाच हवेत. पण आपल्यातले किती जण दुसऱ्याच्या आवाजावर खिडकीत उभे राहिले, याचा हिशोब कुणी मांडला नाही. कुणी पुस्तक दिलं, कुणी रात्री बसून भूमिती समजावली, कुणी फी भरायला वडिलांकडून उसने पैसे आणले. टाळ्या मिळाल्या ओठ हलवणाऱ्याला. मीही त्याच खिडकीत उभा राहिलेलो आहे, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत, आणि स्मरणिका न आलेल्यांच्याही घरी पोस्टानं जाणार आहे. म्हणून शेवटचं वाक्य त्यांच्यासाठी. बाबांनो, बायांनो, इथं कुणाला काही सांगावं लागत नाही, प्रगतिपुस्तक तर कुणीच मागत नाही. पुढच्या वर्षी मी परत फोन करणार आहे. तेव्हा फक्त या. संध्याकाळी याच हॉलमध्ये ‘पडोसन’ लावू, आणि पुढं जागा नसली तर पडद्यामागं बसू.