तिसरं पिलू

वाशिमकडे आम्ही बायाच बकऱ्या सांभाळतो. एखादी बकरी तीन पिलं देते आणि दूध दोघांपुरतंच असतं. मग तिसरं आमच्या पदरात.

आम्ही आधी धावतो ते चिकासाठी. जन्मल्यापासून तासाभरात चीक पोटात जायलाच हवा, रोगाशी लढायची ताकद त्यातूनच येते. आईचा पुरला नाही तर नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या बकरीचा मागून आणतो. नाळेला आयोडीन लावतो. पुढे दोन किलोच्या पिलाला दिवसाला साधारण 300 ते 400 मिली कोमट दूध, चार-पाच वेळा विभागून. उताणं धरून पाजू नका बरं, दूध फुप्फुसात जातं. उभंच ठेवा, मान जराशी वर.

जीव लागतोच. पोरींच्या मागेमागे ते शाळेच्या फाटकापर्यंत जातं! तरी रात्री इतर पिलांतच ठेवतो. नुसतं माणसांत वाढलेलं पिलू कळपात रमत नाही.

आणि बोकड असला तर विकावा लागतो, त्यावर वह्या-पुस्तकं येतात. पण पोरीला आदल्या दिवशी सांगा. शाळेतून आल्यावर एकदम रिकामा खुंटा दिसू नये.